सात नंबरची पायी बस

देवाने माणसाला जन्माला घातलं, पोट दिलं, पोटासाठी हात दिले. पण निवृत्त व्हायची सोय काही त्याने केली नव्हती. ती कचेऱ्यांनी केली. म्हणून कचेरीने सोडलेला माणूस पुढे कोणाच्या ताब्यात द्यायचा, याचा घोळ घरोघर चालू असतो. सात नंबरच्या बसचा ड्रायव्हर निवृत्त झाला तेव्हा रीतीप्रमाणे बायकोच्या ताब्यात आला, आणि थोड्याच दिवसांत बायको म्हणू लागली, "कुणीतरी परत घेऊन जा हो यांना."

"जन्मभर बस चालवली, आता मला चालवायला बघतात," ती शेजारणीला सांगायची. "मी फ्रीजकडे वळले की मागून आवाज, 'वळायच्या आधी आरसा बघावा.' स्वतः न्हाणीघरातून बाहेर येताना उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात, मग पाऊल टाकतात. घरात माणसं दोन! धडकणार कोण यांना? मीच ना? धडकणारच आहे मी एक दिवस."

ड्रायव्हर यावर काही बोलायचा नाही. त्याच्या डोक्यावर सगळी नोकरीभर एक पाटी होती, 'चालकाशी बोलू नये'. लोकांनी ती कधी पाळली नाही, पण त्याने पाळली. इतकी पाळली की बोलायची सवयच मोडली. दारात मावणार नाही असा देह, पायपुसणीएवढ्या मिशा, आणि आतून शब्द निघायचे ते मोजून-मापून, जणू सुटे पैसे.

या अबोल माणसाच्या जिवाला एकच घोर होता. त्याची ताई.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवला. शिवणयंत्रावर एका पायाने चाक फिरवायची आणि दुसऱ्या पायाने त्याचा पाळणा हलवायची, असं नातेवाईक सांगत. पुढे तिचं शिवणकामाचं दुकान झालं. साऱ्या बसडेपोचे गणवेश तिने शिवले. कोणत्याही ड्रायव्हरला पाठीवरून ओळखायची, म्हणायची, "चेहरे बदलतात, खांद्याची ठेवण बदलत नाही."

तर ही ताई जिन्यावरून पडली. पाय मोडला, प्लास्टर घातलं, प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, पाय उत्तम आहे, आता चाला.

"पाय बरा झालाय हो," ताई म्हणाली, "जिना बरा झालेला नाही."

आणि ती बसली ती बसलीच. लाँड्रीच्या वर दुसऱ्या मजल्यावर घर, रस्त्याकडे खिडकी, खिडकीत खुर्ची, खुर्चीत ताई. शिवणयंत्रावर चादर टाकून दिली. एकदा तिच्या मुलीने शेजारचे चौघे जमवले आणि खुर्चीसकट उचलून आईला खाली आणलं. लाँड्रीवाला इस्त्री सोडून बाहेर आला आणि त्याने हात जोडले. कोणीतरी 'अरेरे' म्हणालं. ताईने तशीच खुर्ची वर न्यायला लावली आणि जाहीर केलं, "यापुढे मला कोणीही न्यायला यायचं नाही. मी काय पार्सल आहे?"

ड्रायव्हर रोज तिच्याकडे जाऊन बसायचा. ती खिडकीबाहेर बघायची, हा तिच्याकडे बघायचा. घरी आल्यावर बायको विचारायची, "वन्सं काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"आणि तुम्ही?"

"तेच."

शेवटी बायकोने त्याला सकाळी घराबाहेर काढायला सुरुवात केली. जरा पाय मोकळे करून या, हे तिचं म्हणणं. खरं म्हणजे तिला जरा घर मोकळं करून हवं होतं. ड्रायव्हर निघाला. पण निघाला म्हणजे कुठे जाणार? बैल गोठ्याकडे, घोडा तबेल्याकडे. याचे पाय वळले सात नंबरच्या रस्त्याला.

सात नंबरची बस बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. नव्या बस मोठ्या रस्त्याने जात. पण जुन्या रस्त्यावरचे स्टॉप तसेच उभे होते: पत्र्याचं छप्पर, खाली बाकडं, वर पुसट झालेला सात. ड्रायव्हर डेपोच्या फाटकापासून निघायचा, प्रत्येक स्टॉपपाशी जरा हळू व्हायचा, नजर टाकायचा, पुढे जायचा. टर्मिनसला पाण्याच्या टाकीखाली बाकावर जरा टेकायचा आणि परत फिरायचा. एक दिवस पोस्टाच्या स्टॉपवर सावलीला बसलेल्या एका म्हाताऱ्याने गंमत म्हणून हात दाखवला. ड्रायव्हर जागच्या जागी थांबला.

"ही कुठे जाते?" म्हाताऱ्याने विचारलं.

"टर्मिनस."

"चला मग," म्हणत म्हातारा त्याच्या मागे उभा राहिला.

हा निवृत्त कंपाउंडर होता. आयुष्य लोकांना 'गोळ्या जेवणानंतर' म्हणण्यात गेलं, आता घरात जेवणानंतर त्याच्याशी कोणी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. आठवडाभरात ड्रायव्हरच्या मागे शेपूट लागलं.

ही बातमी टर्मिनसजवळ राहणाऱ्या कंडक्टरच्या कानावर गेली, आणि तो तरातरा येऊन रस्त्यातच आडवा उभा राहिला.

"बेल कोणी दिली?"

"कोणी नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"बेल न देता गाडी काढली? लाज नाही वाटली?"

या दोघांची मैत्री मोठी विलक्षण. एका बसवर उभी हयात घालवली, पण ड्रायव्हर पुढे तोंड करून आणि कंडक्टर मागच्या दारात. एकमेकांचे चेहरे त्यांनी चहाच्या वेळेला काय पाहिले असतील तेवढेच. बाकी सगळा व्यवहार बेलवर. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कित्येक संसार याहून कमी भाषेत चाललेले आपण बघतो. असो, मूळ पदावर येऊ. दुसऱ्या दिवशी कंडक्टर सायकलची घंटा घेऊन आला, शेपटाच्या टोकाला उभा राहिला, सगळ्यांकडे जुन्या तिरस्काराने बघून ओरडला, "पुढे सरका, पुढे सरका, पुढे मोकळी बाग आहे सगळी!" आणि दोन घंट्या दिल्या. ड्रायव्हरच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. त्या दिवशी सात नंबर खऱ्या अर्थाने सुरू झाली.

कंडक्टर आला म्हटल्यावर नियम आले. दोघा-दोघांनी जोडीने चालायचं, ते सीट. चालत्या बसमध्ये जागा बदलायची नाही. चालकाशी बोलायचं नाही. स्टॉपवर कोणी हात दाखवला किंवा कोणाला उतरायचं असलं तरच बस थांबेल. उगाच थांबणार नाही. दुकानांच्या बाजूची जागा ती खिडकी. या खिडकीवरून रोज रणं पेटत, कारण निवृत्त हेडबाईंना खिडकीच लागे.

"मास्तर, ही जागा माझी आहे," असं कंडक्टरला कोणी म्हणालं, की हेडबाई मागे वळत. कंडक्टरला लोक मास्तर म्हणतात हेच त्यांना खपत नसे. "मास्तर? शाळा मी चालवली, मास्तर हे?"

"बाई, तुमच्या वर्गात मुलं बसत होती. माझ्या वर्गात लोक लोंबकळत होते," कंडक्टर म्हणायचा. "कठीण काम कोणाचं?"

पण गाडी चालली. चालली म्हणजे काय, गल्लीला तिची सवय झाली. जुनी बस पार्सल न्यायची, तसं हिच्याकडेही लोक काहीबाही देऊ लागले. वाचनालयात परत करायची पुस्तकं, कुण्या आजाऱ्याचा जेवणाचा डबा, कोणाचा विसरलेला चष्मा. कंपाउंडर वाटेत दवाखान्याच्या स्टॉपवर उतरायचा, बाहेर बसलेल्या लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते दरडावून सांगायचा आणि परतीच्या फेरीला पुन्हा चढायचा. हेडबाई वाचनालयापाशी उतरून मुलांची वाचनाची घडी बसवत. ज्यांना घरात 'तुम्ही नुसते बसा' म्हणून बसवून ठेवलं होतं, ते सगळे बसमध्ये उभे होते.

आणि तरीही ड्रायव्हरचा घोर जसाच्या तसा. त्याने ही सारी वरात कोणासाठी लाँड्रीवरून नेली होती? लाँड्रीचा स्टॉप आला की तो बाकड्याकडे बघायचा. हात नाही. मग वर खिडकीकडे बघायचा. खुर्चीत ताई. पडदा जरासा हलायचा. पहिले काही दिवस तो तिथे उगाच थांबायचा, कंडक्टरने विचारलं तर म्हणायचा, "इंजिन गरम होतंय." मग हेडबाईंनी नियमावर बोट ठेवलं. नियम म्हटल्यावर ड्रायव्हर गप्प. तेव्हापासून तो नुसता बघायचा आणि पुढे जायचा.

बायकोने विचारलं, "अहो, सरळ वर जाऊन सांगा ना वन्संना, चला आमच्याबरोबर."

"मग मी न्यायला गेलो असं होईल."

"मग काय झालं?"

"मग ती येणार नाही."

आता बघा, देव मोठा विनोदी आहे. माणूस ज्या दाराकडे डोळे लावून बसतो, ते सोडून भलतंच दार तो उघडतो.

त्या दिवशी सकाळी ताई आपण होऊन खाली उतरली. कोणाला सांगितलं नाही. मुलगी कामावर गेल्यावर कठडा धरून, एका-एका पायरीशी भांडत, ती दोन मजले उतरली आणि लाँड्रीच्या स्टॉपवर बाकड्यावर जाऊन बसली. मान ताठ. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी.

सात नंबर कोपऱ्यावरून वळली.

ड्रायव्हरने स्टॉपकडे नजर टाकली. आता ड्रायव्हरची नजर ही काय चीज असते ते समजून घ्यायला हवं. नोकरीभर स्टॉपवर त्याने फक्त हात पाहिले होते. हात वर आहे, थांबा. हात नाही, चला. चेहरे बघत बसला असता तर बस कधी टर्मिनसला पोचली नसती. बाकड्यावर कोणीतरी होतं. हात वर नव्हता. नजर पुढे सरकली. मग सवयीप्रमाणे ती वर खिडकीकडे गेली. खुर्ची रिकामी.

रिकामी खुर्ची! पुन्हा पडली? दवाखान्यात नेलं? दवाखाना पुढच्याच स्टॉपला. त्याने गियर बदलला आणि बस सुसाट निघाली.

मागे कंडक्टरने थांबवायला हवं होतं. पण त्या घटकेला त्याची आणि हेडबाईंची खिडकीवरून अशी काही जुंपली होती की स्टॉप कधी आला नि कधी गेला, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ताई बाकड्यावरून अर्धी उठली. "ए!" म्हणाली. मग हळूच म्हणाली, "अरे." मग जिन्याकडे वळली. सख्खा भाऊ, हातभर अंतरावरून, तोंड फिरवून निघून गेला. लाँड्रीवाला आतून सगळं बघत होता. पण मागच्या वेळी हात जोडल्याबद्दल बोलणी खाल्ली असल्यामुळे या वेळी तो इस्त्रीला चिकटून राहिला.

बस बरीच पुढे गेल्यावर कंपाउंडर आपल्या शेजाऱ्याला म्हणाला, "लाँड्रीच्या स्टॉपवर ती ड्रायव्हरची बहीण बसली होती ना? चेहरा पांढराफटक. रक्त कमी असणार."

हे कंडक्टरच्या कानावर गेलं. त्याने एक घंटा दिली. बस कच्चकन थांबली. पुढच्याच्या पाठीवर मागच्याचं नाक, असं शेवटपर्यंत.

"मध्येच बेल?" ड्रायव्हर पुढे बघतच गरजला.

कंडक्टर कधी नव्हे तो मागचं दार सोडून पुढे आला. "ताई स्टॉपवर होत्या," तो खाली मान घालून म्हणाला. "आपण सोडून आलो."

ड्रायव्हरला बोध व्हायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा झाला की हेडबाईंनीसुद्धा खिडकी सोडली.

"मग उभे काय राहिलात?" त्या म्हणाल्या. "फिरा मागे! पळत जा!"

"नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"नाही म्हणजे?"

आणि ड्रायव्हर बोलला. सात नंबरच्या इतिहासात तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. "मी पळत गेलो तर ती म्हणेल, न्यायला आला. सगळे वळून गेलो तर म्हणेल, माझी वरात काढायला आले. एकदा न्यायला आले म्हणाली की ती वर जाईल, आणि पुन्हा उतरणार नाही. कधीच नाही." त्याने मागच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. "पण बस पुढे गेली, तर चूक बसची. बसने चूक केली तर बस मागे येते. मास्तर, बस मागे घ्यायची."

"इथून? एकेरी रस्ता आहे," कंडक्टर म्हणाला. "वळता येणार नाही."

"वळायचं नाही. रिव्हर्स."

"अहो, पण बस आहे कुठे?" हेडबाई किंचाळल्या.

"बाई," कंडक्टर करड्या आवाजात म्हणाला, "चालकाशी बोलू नये."

आणि तो टोकाला गेला, बसकडे तोंड करून उभा राहिला, खिशातून जुनी शिट्टी काढून फुंकली आणि हाताने खुणावू लागला, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

सारी बस उलट्या पावलांनी मागे निघाली. ज्यांना सरळ चालताना घरून हजार सूचना मिळायच्या, ते उलटे चालत होते. प्रत्येकाने मागच्याचा हात नाहीतर सदरा धरला होता. शेवटच्या सीटवरच्या नवरा-बायकोने एकमेकांचा हात धरला, बायको म्हणाली, "लग्नानंतर आजच." नवरा म्हणाला, "तेव्हाही कुठे चाललोय ते दिसत नव्हतं." हेडबाई पुटपुटत होत्या, "आयुष्यभर मुलांना सांगितलं, पुढे बघून चाला." कंपाउंडरने उलटं चालणं गुडघ्याला चांगलं असतं, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"डावीकडे मारा! डावीकडे! खांब आहे! येऊ दे... सरळ... येऊ दे..."

दुकानदार बाहेर आले. एक मोटारसायकलवाला बघत बघत गटारात गेला. चौकातला वाहतूक पोलीस धावत आला.

"काय चाललंय काय?"

"बस मागे घेतोय," कंडक्टर तोंडातली शिट्टी न काढताच म्हणाला.

पोलिसाने ओळीकडे पाहिलं. विचार करायला गेलं तर फार करावा लागला असता. नोकरीत तो जे शिकला होता तेच त्याने केलं: वळला, हात आडवा केला आणि सगळी वाहनं थांबवून धरली.

इकडे ताई जिन्याच्या तोंडाशी पोचली होती. एक हात कठड्यावर होता. पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा आणि विषय संपवायचा, इतकंच उरलं होतं. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. तिने मान वळवली.

रस्त्याने पाठी येत होत्या. चेहरा एकही नाही, नुसत्या पाठी. वाकलेल्या, रुंद, एका खांद्याने पडलेल्या, डुलत डुलत मागे येणाऱ्या पाठी. आणि सगळ्यांत दूर, सगळ्यांच्या वर, एक दारात न मावणारी पाठ. ती पाठ तिने पाळण्यापासून पाहिली होती.

कंडक्टर स्टॉपपाशी पोचला, ओरडला, "बास! बास!" आणि एक घंटा दिली. बस थांबली. सगळे धापा टाकत, पुढे बघत उभे राहिले. ताईकडे कोणी वळून पाहिलं नाही. प्रवासी आपापल्या सीटवर बसलेले असतात, तसे.

ताई कठडा सोडून दोन पावलं पुढे आली. कंडक्टरच्या मानेकडे बघत म्हणाली, "ही कॉलर कोणी शिवली? मी नाही."

"शर्ट तयार घेतलाय, ताई," कंडक्टर ओशाळून म्हणाला.

"दिसतंयच." मग तिने आवाज चढवला, "चिमण्या!"

कोणाला हाक मारली ते बसमध्ये कोणालाच कळेना. मग ड्रायव्हरच्या मिशा थरथरल्या, आणि सगळ्यांना कळलं, आणि हेडबाईंनी तोंडाला पदर लावला.

ड्रायव्हर आपली जागा सोडून मागे आला. "बस पुढे गेली होती," तो म्हणाला. "चूक बसची."

"मला न्यायला आलास?"

"नाही. स्टॉपवर बस येते. न्यायला कोणी येत नाही."

ताईने त्याच्याकडे बारीक नजरेने पाहिलं. सुईत दोरा ओवताना बघावं तसं. "मघाशी मी दिसले नाही तुला?"

"हात नव्हता वर."

"अरे, एका हातात काठी, एका हातात पिशवी. तिसरा हात आईने द्यायचा राहिला मला! आणि चेहरा? चेहरा बघायची पद्धत नाही तुमच्यात?"

"ताई, आम्ही दोघांनी एकमेकांचासुद्धा बघितलेला नाही," कंडक्टरने खरं ते सांगितलं.

"पिशवीत काय आहे?" ड्रायव्हरने विचारलं.

"सुईदोरा. रोज वरून बघते, तुझ्या पँटची मागची शिवण उसवलीये. सारा गाव मागून चालतो तुझ्या, एकाने सांगितलं नाही? मला बघवेना. म्हटलं, उतरून दोन टाके घालावेत आणि वर जावं."

ड्रायव्हरचा हात मागे गेला. साऱ्या बसने एकदम लाँड्रीतल्या कपड्यांकडे बघायला सुरुवात केली. सगळ्यांनी पाहिलं होतं. पण चालकाशी बोलू नये.

"आता भर रस्त्यात शिवू का?" ताई म्हणाली. "टर्मिनसला बाक आहे ना? जागा आहे का गाडीत?"

कंडक्टरने हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाईंनी आभाळाकडे पाहिलं, लाँड्रीकडे पाहिलं, शेवटी एक दीर्घ उसासा सोडून त्या बाहेरच्या बाजूला सरकल्या. "या. खिडकी घ्या. आजच्या दिवस."

दोन घंट्या झाल्या. ड्रायव्हर हलला नाही. पुन्हा दोन झाल्या.

"डबल दिलीये!" कंडक्टर ओरडला.

"ऐकलं," पुढून भरलेला आवाज आला. "काचेवर धुकं आहे. जरा थांबा."

त्या दिवशी बस अगदी सावकाश गेली. टर्मिनसला टाकीखाली ताईने भावाला उभा करून मागून दोन टाके घातले, मग कंडक्टरची कॉलर उसवून नीट केली, मग कंपाउंडरचा खिसा. परतताना तिच्याकडे नंबर लावायला रांग होती.

रात्री शिवणयंत्रावरची चादर निघाली. सकाळी ताई स्टॉपवर बसलेली, आणि तिच्या काठीच्या टोकाला कापसाने भरलेला, लाल कापडाचा, पाचही बोटं पसरलेला, केवढा तरी मोठा हात. कोपऱ्यावरूनच दिसत होता. "घे," ती म्हणाली, "आता दिसला नाही म्हणून सांगतोस कुणाला?" ज्यांचे खांदे आखडलेले, हात वर जात नव्हते, ते सगळे तिच्या मागे लागले. महिनाभरात सात नंबरच्या प्रत्येक स्टॉपवर कापडी हात दिसू लागले. हेडबाईंच्या हाताला तर्जनी तेवढी वर होती. त्यांनी तशी खास शिवून घेतली.

गोष्ट इथे संपली असती, पण जिना अजून बरा झाला नव्हता.

एका सकाळी लाँड्रीवाल्याने जिना धुतला, आणि ताईची काठी ओल्या पायरीवर सटकली. ती पडली नाही. कठड्याला मिठी मारून तशीच उभी राहिली, आणि मग वर गेली. मुलीला म्हणाली, "झालं तेवढं पुष्कळ झालं." काठीच्या टोकाचा हात पायरीवर मळला होता, तो धुतला, खिडकीत दांडीवर वाळत घातला, शिवणयंत्रावर चादर ओढली आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली.

सात नंबर आली. ड्रायव्हरने बाकड्याकडे पाहिलं. हात नाही. मग वर पाहिलं. खुर्ची रिकामी. दांडीवर चिमट्याला लटकलेला लाल हात, बोटं पसरलेला, वाऱ्यावर हलत होता.

बस थांबली.

कंडक्टरने वर पाहिलं, विचार केला, आणि दोन घंट्या दिल्या. ड्रायव्हर हलला नाही. मग कंडक्टरनेही हात खिशात घातले.

बऱ्याच वेळाने पडदा सरकला. "काय रे, उभे काय राहिलात?"

"हात दाखवलाय," ड्रायव्हर म्हणाला.

"अरे चिमण्या, वाळत घातलाय तो!"

"हात दिसतो. बस थांबली."

"ओला आहे रे तो! मी येत नाहीये!"

"मग हात काढ."

ताईने चिमट्याकडे हात नेला. पण चिमटा काही काढवेना. खाली सगळी बस पुढे बघत उभी होती. बसमागे एक टेम्पो थांबला होता, आणि त्याच्यापुढे तोच पोलीस हात आडवा करून.

"ताई, वाचनालय उघडून बसलंय!" हेडबाई ओरडल्या. "मुलं माझी वाट बघतायत! काय ते लवकर ठरवा!"

"ओरडताय कशाला? आले!"

मग जिन्यात काठीचा आवाज सुरू झाला. ठक. बराच वेळ काही नाही. ठक. लाँड्रीवाला कोरडं फडकं घेऊन एक-एक पायरी पुसत तिच्यापुढे उलटा उतरत होता, आणि ती त्याला म्हणत होती, "पुस नीट. कोपरा राहिला." ठक. ठक.

ताई खाली आली. काखेत ओला लाल हात. हेडबाई न सांगता बाहेरच्या बाजूला सरकल्या. ताई खिडकीला लागली आणि लाल हातातलं पाणी हेडबाईंच्या चपलेवर गळू लागलं.

दोन घंट्या झाल्या. ड्रायव्हरने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि बस काढली.

थोडं पुढे गेल्यावर ताई पुढे वाकून म्हणाली, "चिमण्या, खरं सांग. वाळत घातलाय हे कळत होतं ना तुला?"

ड्रायव्हरचे कान लाल झाले, पण मान काही वळली नाही. मागून कंडक्टरचा आवाज आला, "ताई, चालकाशी बोलू नये."